काकूंचं वेल्डिंग

नवं मशीन ज्या आठवड्यात दुकानात आलं, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मिस्त्रींना सांगितलं, की आता वेल्डिंग बंद. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं. दाराची चौकट दिसे, दारात उभा राहिलेला माणूस दिसत नसे. हे वेल्डिंगमुळेच झालं का, असं त्यांच्या बायकोने, काकूंनी, विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं ठाम सांगता येणार नाही, यांच्या वडिलांनाही उतारवयात कमी दिसायचं म्हणता, तेव्हा घराण्यातलंही असेल. गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा.

मिस्त्रींनी एकतीस वर्षं रॉडचं वेल्डिंग केलं होतं. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिने, कठडे. आजूबाजूच्या चार गल्ल्यांत त्यांच्या हाताखालून न गेलेलं दार सापडलं नसतं. पण पातळ पाइपवर रॉड लावला की भोक पडतं, म्हणून तारेचं मशीन घ्यावं असं त्यांच्या मनात कितीतरी वर्षं होतं. कामगार त्याला सीओटू म्हणतात. रॉडऐवजी रिळावरची बारीक तार आपोआप पुढे सरकत राहते आणि वितळणाऱ्या लोखंडावर गॅसचं पांघरूण पडत राहतं. शेवटी ते आलं, आणि खोक्यातच राहिलं.

मिस्त्री घरी बसले. घरी बसायची त्यांना सवय नव्हती, आणि काकूंना तर त्यांना घरी बसलेलं बघायची मुळीच नव्हती. काकू पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. मिस्त्री त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि शिलाई मशीनचा आवाज ऐकायचे. पट्टा सैल झालाय. तेल घाल. सुई बदल, बोथट आवाज येतोय. पहिले दोन दिवस काकूंनी ऐकून घेतलं, कारण दरवेळी त्यांचं म्हणणं बरोबर निघायचं. नवव्या दिवशी मात्र त्यांनी पायडलवरचा पाय काढला.

त्या म्हणाल्या, "माझ्या मशीनच्या मागे लागलात ते पुरे झालं. चला दुकानात. तुमचं मशीन मला शिकवा."

"ते काय काजं करण्याइतकं सोपं वाटलं तुला?"

"काजं सोपी असतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

काकू अर्ध्या रागाने बोलल्या होत्या, पण अर्ध्या खरंच. वाचनालयाच्या जिन्याला कठडा करून द्यायचा शब्द मिस्त्रींनी आजारपणाआधी दिला होता. जिना सरळ उभा, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. मापं घेऊन झाली होती, पाइप येऊन पडले होते. ग्रंथपालबाईंनी निरोप पाठवला होता, की काही घाई नाही, महिनाभर थांबू. मिस्त्रींनी कधी कोणाला थांबवलं नव्हतं. तेवढ्यावरून ते रात्री कूस बदलत राहतात, हे काकूंना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दुकानात गेली. दुकान म्हणजे एक लांबट खोली, पुढे शटर, आत एक जाडजूड लाकडी बाक आणि त्याला आवळलेला शिकंजा. शेजारी पेंटरचं दुकान. पेंटर जिभेने सैल आणि मनाने चांगला. काकूंना मिस्त्रींचा जुना सदरा घालून येताना बघून त्याने विचारलं, की आज दुकानाची साफसफाई आहे का. काकू म्हणाल्या, हो, आधी बोलघेवड्यांची.

पहिला वाद कपड्यांवरून झाला. मिस्त्री म्हणाले, अंगावर निव्वळ सुती पाहिजे, ठिणगी पडली तर नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. काकूंनी त्यांच्या खुंटीवरच्या ॲप्रनचा एक दोरा ओढून काडी लावली. दोरा जळून राख व्हायला हवा होता, त्याची कडक काळी गुठळी झाली. ही नायलॉनची भेसळ तुम्ही इतकी वर्षं पोटावर बांधत होता, असं म्हणून त्यांनी ॲप्रन कोपऱ्यात टाकला.

मग खोकं उघडलं. मिस्त्री सांगायचे, काकू करायच्या. तार ओढणाऱ्या चाकाला दोन खाचा असतात, आपल्या तारेच्या जाडीची खाच खाली पाहिजे. बारीक आकडे काकूंनी चष्मा लावून वाचले. हातात धरून ज्यातून तार सोडायची त्या टॉर्चच्या टोकाची तांब्याची टिपही त्याच मापाची. रिळाचं टोक सोडताना मिस्त्री ओरडले, की घट्ट धर, नाहीतर सगळं उलगडेल. काकूंनी ते आधीच चिमटीत धरलेलं होतं. तीस वर्षं दोऱ्याची रिळं हाताळलेल्या बाईला हे सांगायची गरज नव्हती.

पण पुढे त्याच तीस वर्षांनी घात केला. दोरा सैल राहिला की शिवण बिघडते, म्हणून काकूंनी चाकाचा दाब चांगला आवळला. आणि वस्तू नीट ठेवायची सवय, म्हणून टॉर्चची लांब केबल छान गोल गुंडाळून मशीनच्या मुठीला अडकवली. बटण दाबलं. तार दोन वीत पुढे गेली, कुठेतरी अडली आणि आतल्या आत चाकाशेजारी गुंडाळत सुटली. झाकण उघडलं तर चिमणीने बांधावं तसं तारेचं घरटं.

मिस्त्रींनी विचारलं, "केबल कशी ठेवली आहेस?"

"नीट गुंडाळून."

"ती सोड. जमिनीवर सरळ पसरू दे. वळणावळणातून तार जाणार कशी? आणि दाब सैल कर. तार लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवली की वाकून पुढे जावी, पण हातमोज्यात जोराने धरली तर चाकावर घसरावी. तेवढाच."

घरटं कापून काढण्यात अर्धा तास गेला. मग तार सरळ आली. पण पहिली ज्योत पेटली तेव्हा काकूंना वाटलं, आपल्या हातून काहीतरी फुटलं. फाट फाट आवाज, चहूकडे गोळ्या उडालेल्या, आणि पट्टीवर लोखंड नव्हे, शिंतोडे. काकूंनी काळ्या काचेचं हेल्मेट वर केलं आणि टॉर्च खाली ठेवला. हे आपल्याला जमणारं नाही, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, पण ते वाचणारे डोळे समोर नव्हते. मिस्त्री मान तिरकी करून आवाजच आठवत होते. म्हणाले, हा आवाज हाताचा नाही, मशीनचा आहे. टॉर्चची वायर अधिकाला लागली आहे की उण्याला, बघ. काकूंनी बघितलं. उण्याला होती. मशीन बिनगॅसच्या तारेसाठी जोडून आलं होतं. गॅसच्या तारेला उलट लागतं. दोन जोडण्या अदलाबदल केल्या, आणि तोच आवाज एकसारखा, तडतडता, बारीक झाला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर आजारपणानंतर पहिल्यांदा काहीतरी हललं.

पुढचे अठरा दिवस काकू रोज सकाळी शिवण आटपून दुकानात जात आणि टाकाऊ पट्ट्यांवर रेघा ओढत. मिस्त्री स्टुलावर बसून कानाने बघत. टॉर्च हातात मागे ढकलल्यासारखा वाटतोय ना? तारेचा वेग जास्त झाला, कमी कर. आता तार टिपलाच जाऊन चिकटली? फार कमी केलास. अर्थिंगचा चिमटा गंजावर लावला आहेस, घासून लाव. त्यांना ते न बघता कळे, आणि काकूंना बघूनही कळत नसे, याचा काकूंना भारी राग यायचा.

खरं घोडं अडलं ते हातापाशी. शिवणयंत्रावर सुई जागच्या जागी असते आणि कापड सरकतं. इथे लोखंड जागच्या जागी आणि सरकायचं आपण. काकूंची रेघ नागमोडी जायची. पेंटर येऊन बघून गेला आणि म्हणाला, नक्षी छान आहे, पडद्यावर शोभेल. काकूंनी त्याला ग्राइंडर सुरू करून हाकललं.

एका सकाळी मिस्त्री उठले, स्वतःचं हेल्मेट घातलं, तोंड भिंतीकडे वळवलं आणि मागून काकूंच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. चालव म्हणाले. काकूंनी चालवलं. वीतभर रेघ झाल्यावर त्यांनी बोटं काढली.

"तू श्वास रोखून धरतेस. म्हणून शेवटाला हात थरथरतो. आणि कोपर हवेत आहे. बाकाला टेकव, आणि श्वास चालू ठेव."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि आपण श्वास रोखतो हे काकूंना त्या दिवशी कळलं. नंतर घरी सुईत दोरा ओवताना त्यांनी स्वतःकडे लक्ष दिलं, तर तिथेही तेच.

पंधराव्या दिवशी त्यांच्या हातून एक रेघ अशी आली, की त्या स्वतःच बघत राहिल्या. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर सारख्या अंतराने पडलेल्या बारीक लाटा, कुठे शिंतोडा नाही. त्यांनी ती मिस्त्रींच्या हातात दिली. मिस्त्रींनी नख फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. म्हणाले, सुंदर आहे. काकूंना वाटलं, आता उद्यापासून कठडा. पण मिस्त्रींनी तो तुकडा चाचपत शिकंज्यात आवळला, हातोडा घेतला आणि एक घाव घातला. वरची पट्टी चिकटवलेला कागद सुटावा तशी सुटून खाली पडली. रेघ अखंड होती, पण ती एकाच पट्टीला धरून होती. दुसरीवर नुसती बसली होती.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. तोडायचंच होतं तर सुंदर कशाला म्हणालात, एवढंच त्या बोलल्या, शटर ओढलं आणि घरची वाट धरली. दुपारी परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबा कसे आहेत, असं तिने विचारलं. काकू म्हणाल्या, हातोडा चालवण्याइतके ठणठणीत आहेत. मुलीने फोन वडिलांकडे द्यायला सांगितला, तर वडील म्हणाले, तुझी आई लवकर शिकते आहे, पण तिला सांगू नकोस. काकू तिथेच बसून शेंगा सोलत होत्या.

चहाच्या वेळी काकूच बोलल्या. ती शिवण नव्हती, धावदोरा होता. वरून सरळ दिसतो आणि ओढला की निघतो. मिस्त्री म्हणाले, अगदी तेच. उष्णता कमी होती, लोखंड वितळायच्या आधी तार वर पसरली. उद्या उष्णता वाढव, जरा सावकाश जा, आणि नजर ज्योतीवर नको, वितळलेल्या थेंबाच्या पुढच्या कडेवर ठेव. ती कड दोन्ही पट्ट्यांत बुडाली पाहिजे. बुडते आहे की नाही, हे मला ऐकून नाही कळणार. ते तुलाच बघावं लागेल.

ते वाक्य काकूंच्या मनात राहिलं. मिस्त्रींना कानाने सगळं कळतं, असं त्या धरून चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार सांधे केले आणि चारही स्वतः शिकंज्यात धरून मोडायचा प्रयत्न केला. चौथा वाकला, पण सुटला नाही. तो वाकडा तुकडा त्यांनी मिस्त्रींच्या मांडीवर नेऊन ठेवला.

मग कठड्याला हात घातला. दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. उभे पाइप कापून झाले, निम्मे सांधे पक्के झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक सांधा सच्छिद्र यायला लागला. वाळलेल्या स्पंजासारखा, भोकंच भोकं. काकूंनी घासून परत केला, परत तेच. मिस्त्रींनी नख फिरवलं आणि म्हणाले, गॅस पोचत नाही. सिलिंडरची चावी उघडी आहे? होती. रेग्युलेटरचा काटा? जागेवर. नळीला गळती? काकूंनी साबणाचा फेस करून प्रत्येक जोडाला लावला, एकही बुडबुडा आला नाही. टॉर्चच्या तोंडाशी गॅस सोडणाऱ्या नोझलमध्ये शिंतोडे साठलेत का? साठले होते, खरवडून काढले. तरी भोकं. पाइपला तेल असेल म्हणून पुसले, गंज असेल म्हणून चकाकेपर्यंत घासले. दोन तास गेले. मिस्त्रींचा आवाज चढला. तू नीट साफ केलं नसशील, असं ते म्हणाले. काकू म्हणाल्या, मग या आणि जीभ लावून बघा.

मिस्त्री स्टुलावर येऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी मानेवरून हात फिरवला. मान कोरडी होती. भर दुपार, पत्र्याचं छप्पर, आणि मान कोरडी.

"हा पंखा कधीपासून चालू आहे?"

"जेवण झाल्यापासून. तुम्ही घामाघूम झाला होता, म्हणून घरून आणला."

मग त्यांचे खांदे हलायला लागले. काकूंना क्षणभर भलतंच वाटलं आणि त्या जवळ गेल्या, तर मिस्त्री हसत होते. पंख्याचा वारा त्यांच्या मानेवरून थेट बाकावर जात होता आणि सगळा गॅस उडवून लावत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं काकू म्हणाल्या आणि त्याही मटकन बाकाच्या टोकावर बसल्या. शेजारून पेंटर डोकावला, काय झालं विचारायला. दोघांनाही सांगता येईना. शेवटी मिस्त्री कसेबसे म्हणाले, की बायकोच्या प्रेमाने वेल्डिंगला भोकं पडली. पेंटरने ते वाक्य पुढे महिनाभर सगळ्या गल्लीला ऐकवलं.

पंखा बंद केला आणि सांधा गुळगुळीत आला. पण मिस्त्रींना त्या उकाड्यात बसवणं काकूंना पटेना. त्यांनी स्टूल शटरच्या बाहेर सावलीत ठेवलं आणि पंख्याचं तोंड रस्त्याकडे केलं. आवाज तिथवर यायचा. काही चुकलं की बाहेरून मिस्त्री शटरवर एक टकटक करत, आणि वेग जास्त असेल तर दोन.

कठडा सोमवारी बसवला, वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी. खालचे पाय जिन्यात रोवायला गवंडी आला होता, पण दोन लांब तुकड्यांचा सांधा जागेवरच करायचा होता. या वेळी काकूंनी आधी जिन्याच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. वरची, हाताला लागणारी बाजू त्यांनी इतकी घासली होती, की ग्रंथपालबाईंनी हात फिरवून सांधा कुठे आहे ते शोधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांनी विचारलं, मिस्त्री, डोळ्यांना त्रास असताना तुम्ही एवढं केलंत कसं? मिस्त्री म्हणाले, मी नाही केलं. आणि मान काकूंच्या दिशेला वळवली. नेमकी वळली नाही, जरा बाजूला, पुस्तकांच्या कपाटाकडे वळली. काकू दोन पावलं सरकून तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

मग मिस्त्रींनी कठडा दोन्ही हातांनी धरला, पाय उचलले आणि सगळं अंग टाकून लोंबकळले. ग्रंथपालबाई घाबरल्या. काकू घाबरल्या नाहीत, पण त्यांचा श्वास थांबला होता. कठडा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडलं तेव्हा काकू काहीतरी निमित्त काढून तिथे गेल्या. एक म्हातारे गृहस्थ रोज खालच्या मजल्यावरची वर्तमानपत्रं वाचून परत जायचे. त्या दिवशी ते वर चढले. एकेका पायरीवर थांबत, कठडा घट्ट धरून. वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून जिना बघितला आणि पुस्तकांत दिसेनासे झाले. काकूंनी घरी येऊन हे मिस्त्रींना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मिस्त्रींनी विचारलं, सांध्यावर हात टेकवला होता का त्यांनी?

पुढे कामं येत गेली. काकूंनी गणवेश सोडले, पडदे ठेवले. हातावर बारीक भाजल्याचे डाग आले, ते त्या लपवत नाहीत. पेंटरची सून एक दिवस येऊन उभी राहिली, मला शिकवाल का म्हणून. तिच्यामागून तिची मैत्रीणही आली. दोघींना काकूंनी पहिल्या दिवशी टॉर्चला हातच लावू दिला नाही. आधी केबल पसरायची, चिमट्याची जागा घासायची, दाब तपासायचा, पंखे आणि खिडक्या बघायच्या. कंटाळून मैत्रीण म्हणाली, काकू, तुम्ही फार कडक आहात. बाहेरच्या स्टुलावरून मिस्त्री म्हणाले, मला विचारा.

सहा महिन्यांनी दोघं डॉक्टरांकडे गेली तेव्हा मिस्त्रींचे डोळे होते तसेच होते, बिघाड वाढला नव्हता. डॉक्टर खूश झाले. दिवसभर काय करता, असं त्यांनी विचारलं. मिस्त्री म्हणाले, बायकोचं ऐकतो. डॉक्टर म्हणाले, ते तर आम्हीही करतो. तेव्हा मिस्त्रींनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. तारेचा वेग, गॅस, टिपला चिकटणारी तार, आणि बरोबर जमलं की येणारा तो तडतडता आवाज. तो आवाज त्यांनी तोंडाने काढूनही दाखवला. बाहेर रांग वाढत होती. काकूंनी दोनदा त्यांचा सदरा ओढला, मग सोडून दिला, आणि आवाज जरासा चुकीचा काढला तेव्हा दुरुस्तही केला.